सात, बारा आणि पोटखराबा

सुरुवातीलाच सांगून टाकते. माझं मराठी यथातथाच आहे. पहिली ते दहावी कॉन्व्हेंट. शाळेच्या आवारात मराठी शब्द तोंडातून निघाला की पाच रुपये दंड. खाऊचे सगळे पैसे त्यातच जायला लागले, तेव्हा मी मधल्या सुट्टीत बोलणंच सोडून दिलं. आजही भाजीवाल्या मावशींनी 'एकोणसत्तर' म्हटलं की मी शंभराची नोट पुढे करते आणि परत आलेले पैसे न मोजता पर्समध्ये टाकते.

तेव्हा मराठी विभागासाठी माझ्याकडे लेख मागायला कोणी येईल असं मला वाटलं नव्हतं. कोणी आलंही नाही. मीच मागे लागून दोन पानं मिळवली आहेत. का, ते शेवटी कळेल. (शेवट आधी वाचणाऱ्यांना मेसमध्ये गुलाबजाम मिळू नये, ही विनंती.)

गोष्ट खरं तर फर्स्ट इयरच्या सी प्रॅक्टिकलपासून सुरू होते. सिव्हिल आणि मेकॅनिकलवाल्यांसाठी थोडक्यात सांगते. सी भाषेत वेगवेगळ्या मापाच्या गोष्टी एका गाठोड्यात बांधायची सोय आहे, तिला स्ट्रक्चर म्हणतात. जर्नलमधला प्रयोग असा होता : एका स्ट्रक्चरमध्ये एक कॅरेक्टर, एक फ्लोट आणि एक इंट ठेवा, आणि साइजऑफ वापरून त्या गाठोड्याचं माप छापा. सीनियरच्या जर्नलात उत्तर होतं ७. एक अधिक चार अधिक दोन. मीही ७ लिहिलं. सही मिळाली.

आता गंमत बघा. ते जर्नल टर्बो सीच्या जमान्यापासून बॅचमागून बॅच उतरवलं जात होतं. टर्बो सीमध्ये इंट दोन बाइटचा, आणि तो कंपायलर आपणहून मधे जागा सोडत नसे, म्हणून ७. आमच्या लॅबमधल्या मशीनवर जीसीसी आहे, तिथे इंट चार बाइटचा. म्हणजे निदान ९ तरी यायला हवेत ना? तेही येत नाहीत. येतात १२. पण हे कळायला प्रोग्रॅम चालवून बघावा लागतो. वर्गात साठ जणं होतो, आणि सगळ्यांच्या जर्नलात ७. हा आकडा लक्षात ठेवा.

यंदा थर्ड इयरला मिनी प्रोजेक्ट आलं. माझी रूम पार्टनर तीच प्रोजेक्ट पार्टनर. ती सोलापूरकडची, बारावीपर्यंत गावातल्या मराठी शाळेत आणि ज्युनियर कॉलेजात शिकलेली. घरी डाळिंबाची बाग. प्रोजेक्टची कल्पना तिचीच : मातीतला ओलावा आणि हवेचं तापमान मोजायचं, लॅपटॉपवर नोंदवायचं आणि पाणी कधी सोडायचं ते ठरवायचं. सामान साधंच. एक आर्डुइनो ऊनो बोर्ड, तापमानाचा डीएचटी ११ सेन्सर, ओलाव्याचा दोन दातांचा सेन्सर. माती हॉस्टेलमागच्या तुळशीच्या कुंडीतली. (तुळशीची आणि रेक्टर मॅडमची क्षमा मागून.)

कामाची वाटणी मी केली. बोर्ड, वायरी, सोल्डरिंग तिच्याकडे. लॅपटॉपवरचा सी प्रोग्रॅम आणि दोन्हीकडे वापरायचं स्ट्रक्चर माझ्याकडे. कारण काय, तर माझं इंग्लिश चांगलं, म्हणजे सॉफ्टवेअरही चांगलं असणार! असं आपल्याकडे का मानतात देव जाणे, पण तिनेही मानलं आणि मीही.

स्ट्रक्चरमध्ये तीन गोष्टी. एक बाइटचा आयडी, चार बाइटचं तापमान आणि दोन बाइटचा ओलावा. 'साधा इंट वापरू नका, बोर्डावर तो दोन बाइटचा आणि लॅपटॉपवर चार बाइटचा,' असं सरांनी बजावलं होतं, म्हणून मी ठरावीक मापाचे टाइप वापरले आणि स्वतःवर खूश झाले. बोर्डाने दर दोन सेकंदांनी हे गाठोडं सिरियल केबलवरून पाठवायचं. माझा प्रोग्रॅम स्ट्रक्चरच्या मापाइतके बाइट यायची वाट बघणार, आले की एक ओळ छापणार. सोप्पं!

पहिल्या रात्री स्क्रीनवर आलं ते असं. पहिली ओळ : आयडी १, तापमान ०.००, ओलावा ०. दुसरी ओळ : आयडी ८८, तापमान पंधरा आकडी. (सूर्यसुद्धा लाजेल.) पुढे नुसता कचरा. मग मधेच एक ओळ आली : आयडी ६५, पण तापमान २८.०० आणि ओलावा ६००, म्हणजे दोन्ही अगदी बरोबर! पुढची परत कचरा.

कधी बरोबर, कधी शून्य, कधी वाट्टेल ते. तुम्हीच सांगा, हे बघून तुम्ही काय म्हटलं असतं? मीही तेच म्हटलं, 'लूज कनेक्शन. वायरिंग तुझं चुकलंय.'

ती काही बोलली नाही. सगळं उपसून तिने परत जोडलं. तेच आउटपुट. दुसऱ्या रात्री सोल्डर काढून नव्याने केलं. तेच. तिसऱ्या दिवशी स्वतःच्या पैशांनी नव्या जंपर वायरी आणल्या. तेच. रात्रीचा एक वाजला होता, तीन दिवसांवर रिव्ह्यू होता, आणि मी तिला म्हणाले, 'तू डेटाशीट नीट वाचलीस ना? म्हणजे... समजली ना तुला?'

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिते आहे. 'समजली ना' यावर जोर किती होता ते मला माहीत आहे आणि तिलाही.

तिने दिवा घालवला नाही. मी झोपले. सकाळी उठले तर ती टेबलावर, समोर शंभर पानी वही. रात्रभर तिने स्क्रीनवरच्या ओळी हाताने उतरवल्या होत्या, नंबर घालून. म्हणाली, 'बघ की. आयडी १ कुठे येतोय? पहिली ओळ, आठवी, पंधरावी, बाविसावी. आणि तुझी ती ६५वाली बरोबर ओळ? सहावी, तेरावी, विसावी. दर सातव्या ओळीला तेच. वायर लूज असती तर मोजून लूज झाली असती का गं?'

मी वही बघत राहिले. तिचा पुढचा प्रश्न होता, 'आपण पाठवतोय सात बाइट. दर सात ओळींनी गाडी परत रुळावर येते. मग लसावि काढ की.'

मी विचारलं, 'लसावि म्हणजे?'

तिने माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू! आयुष्यात पहिल्यांदाच मी तिच्यासमोर 'ढ' होते. 'लघुत्तम साधारण विभाज्य. तुमचं ते एलसीएम.' आणि मग समजावलं. तिकडून येतायत सात-सातचे गठ्ठे. तू उचलतेस वेगळ्याच मापाचे. म्हणून तुझी प्रत्येक ओळ मागच्या गठ्ठ्यात सरकते. सात ओळींनी जुळतं, म्हणजे तेवढ्यात तू सातच्या पटीत बाइट उचललेस. 'तू किती उचलतेस ते एकदा छाप तरी.'

छापलं. बोर्डाकडे स्ट्रक्चरचं माप ७. लॅपटॉपकडे १२. बारा साते चौऱ्याऐंशी.

ती क्षणभर गप्प होती. मग इतकी हसली की शेजारच्या रूममधून भिंतीवर थाप आली. 'अगं, सातबारा! तुझ्या कोडचा सातबारा निघाला!'

(माझ्यासारख्यांसाठी : सातबारा म्हणजे जमिनीचा उतारा. गाव नमुना सातमध्ये जमीन कोणाच्या नावावर ते असतं, नमुना बारामध्ये पिकाची नोंद. मला हेही तिने त्याच सकाळी सांगितलं.)

तर आता प्रश्न असा की तेच स्ट्रक्चर, त्याच तीन गोष्टी, मग पाच बाइट वाढले कुठून? आपल्या मेसचं उदाहरण घेऊ. समजा प्रत्येक टेबलाला चार खुर्च्या. वाढणारे काका एका फेरीत एकाच टेबलाला वाढतात. आता आधी एकटा मुलगा आला (हा आयडी, एक बाइट) आणि पहिल्या टेबलावर बसला. मागून चौघांचा ग्रुप आला (हे तापमान, चार बाइट). ते काही तीन इथे आणि एक तिथे असे बसणार नाहीत. बसले तर काकांना त्यांच्यासाठी दोन फेऱ्या. म्हणून ते पूर्ण दुसरं टेबल घेतात, आणि पहिल्या टेबलावरच्या तीन खुर्च्या रिकाम्या राहतात. मग जोडी येते (ओलावा, दोन बाइट), ती तिसऱ्या टेबलावर. तिथल्या उरलेल्या दोन खुर्च्याही रिकाम्याच ठेवायच्या. कारण अशीच दुसरी वरात लगेच मागे असेल (म्हणजे स्ट्रक्चरचा ॲरे), तर तिलाही नव्या टेबलापासून सुरुवात मिळाली पाहिजे. तीन टेबलं, बारा खुर्च्या, माणसं सात.

या रिकाम्या खुर्च्या म्हणजे पॅडिंग, आणि आपापल्या टेबलापासून बसण्याचा नियम म्हणजे अलाइनमेंट. चार बाइटची वस्तू चारने भाग जाणाऱ्या पत्त्यावर, दोनची दोनने. सर्वांत मोठ्या वस्तूचा जो नियम, तोच पूर्ण स्ट्रक्चरचा. म्हणून शेवटचं माप त्याच्या पटीत वाढवलं जातं.

लाज अशी वाटली की हे मी आधी लिहिलेलं होतं, तेही पेपरात! मायक्रोप्रोसेसरला ८०८६ आठवतोय ना? मेमरीचे दोन भाग, इव्हन बँक आणि ऑड बँक, प्रत्येकी ५१२ केबी. सम पत्त्यावरचा दोन बाइटचा शब्द एका बस सायकलमध्ये येतो. विषम पत्त्यावरचा असेल तर दोन सायकली, चार क्लॉक जास्त. मी आकृतीसकट सगळं लिहिलं होतं. ८०८६ आला १९७८ साली. म्हणजे काकांची दुसरी फेरी माझ्या जन्माआधीपासून चालू आहे आणि मी ती पाठ करून पेपरात ओतून आले होते. कशासाठी, ते विचारलंच नाही.

त्याच्याही आधी बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी सी घडवली ती पीडीपी ११ या मशीनवर. तिथे विषम पत्त्यावरून शब्द मागितला तर मशीन ऐकूनच घ्यायचं नाही, सरळ ट्रॅप. १९७३ साली युनिक्सचा गाभा सीमध्ये पुन्हा लिहिला गेला तो याच मशीनवर. आजचे इंटेलचे प्रोसेसर बरेच समजूतदार झालेत. डेटा ६४ बाइटच्या एकाच कॅश लाइनमध्ये बसत असेल तर वाकडा पत्ताही बहुतेक वेळा चालवून घेतात, पण दोन लाइनींवर पसरला की जास्त वेळ लागतो. आणि एआरएमचा कॉर्टेक्स एम झीरो अजूनही पीडीपीच्याच वळणाचा, वाकडा पत्ता दिला की फॉल्ट.

मग बोर्डावर ७ कसे? कारण ऊनोवरचा प्रोसेसर आठ बिटांचा. तो मेमरीतून एका वेळी एकच बाइट उचलतो. तिथे प्रत्येक टेबलाला एकच खुर्ची, मग कसली अलाइनमेंट आणि कसलं काय!

ती ६५ची भानगडही उलगडली. दर सातव्या वेळी माझं वाचन अशा जागी सुरू व्हायचं की तापमान आणि ओलावा योगायोगाने आपापल्या जागी येऊन बसत, आणि आयडीच्या खुर्चीवर आधीच्या तापमानाचा सर्वांत वरचा बाइट बसे. आठ अंशांपासून बत्तिसाच्या आतलं कुठलंही तापमान घ्या, फ्लोटमध्ये तो बाइट ६५च असतो. रूम होती २८ अंश. म्हणजे वायर बिचारी शेवटपर्यंत खरंच बोलत होती.

मी म्हटलं, कंपायलरने क्रम बदलून जागा वाचवायला काय हरकत होती? चौघं आधी, मग जोडी, मग एकटा, तर दोनच टेबलं, ८ बाइट. सरांनी सांगितलं, सीचा नियम आहे, ज्या क्रमाने तुम्ही लिहिलं त्याच क्रमाने मेमरीत ठेवायचं. कंपायलर जागा सोडू शकतो, रांग मोडू शकत नाही. रांग तुम्ही लावायची. दहा लाख नोंदी ठेवायच्या असतील तर १२ आणि ८ मधला फरक चाळीस लाख बाइटचा होतो. तोही प्रत्येक मशीनवर सारखा नाही. कॅरेक्टर, डबल, कॅरेक्टर असं स्ट्रक्चर ६४ बिटांच्या लिनक्सवर २४ बाइट भरतं आणि ३२ बिटांच्या लिनक्सवर १६. म्हणून स्ट्रक्चर जसंच्या तसं उचलून वायरवर किंवा फाइलमध्ये टाकायचं नाही, हा धडा.

आम्ही आधी लॅपटॉपकडे प्राग्मा पॅक एक लावला, म्हणजे 'टेबल-बिबल काही नाही, चिकटून बसा'. माप ७ झालं आणि पहिल्या ओळीपासून सगळं बरोबर आलं! नंतर सरांच्या सांगण्यावरून तेही काढलं, आणि एकेक बाइट ठरलेल्या क्रमाने पाठवून पुढे सुरुवातीची खूण आणि शेवटी चेकसम जोडला.

त्या पाच रिकाम्या बाइटांना काय म्हणायचं यावर मी 'वेस्ट' म्हणाले. ती म्हणाली, 'पोटखराबा म्हण.' सातबाऱ्यावर हा शब्द असतो. आपल्याच गटातली जमीन, क्षेत्रात धरलेली, पण पिकाखाली न येणारी. नाला असेल, खडक असेल. 'मोजणीत धरतात, पण तिथे पेरायला जायचं नसतं. आणि पोटखराबा विसरून हिशेब केला की भांडणं होतात.' मला आजपर्यंत कुठल्याही इंग्लिश पुस्तकात पॅडिंगची याहून चांगली व्याख्या सापडलेली नाही.

इथे थांबले असते तर लेख छान संपला असता. पण लेख त्यासाठी लिहिलेला नाही.

रिव्ह्यूच्या दिवशी ठरलं होतं की बोलायचं मी. एक्झामिनर इंग्लिशमध्ये विचारतात, ती अडखळते, म्हणून तिनेच सांगितलं होतं. मी बोलले. झकास बोलले. शेवटी त्यांनी विचारलं, हा प्रॉब्लेम सापडला कसा? आणि मी लसाविचा सगळा शोध फर्स्ट पर्सन सिंग्युलरमध्ये सांगितला. 'आय नोटिस्ड. आय कॅल्क्युलेटेड.' ती बाजूला बोर्ड हातात धरून उभी होती. कुंडीही तिच्याच हातात. मला पंचवीसपैकी तेवीस, तिला अठरा.

रात्री ती एवढंच म्हणाली, 'तू बोल असं मीच म्हणाले होते. पण "आय" म्हण असं नव्हते म्हणाले.' आणि कपडे वाळत घालायला गेली.

मी दुसऱ्या दिवशी सरांकडे गेले नाही. तिसऱ्याही नाही. आठ दिवसांनी गेले, सगळं सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं. म्हणाले, 'मार्क पुढे गेलेत. आता हात लावता येणार नाही. आधी यायचं होतंस.' थोड्या वेळाने म्हणाले, 'पुढच्या रिव्ह्यूला ती बोलेल, आणि कुंडी तू धरशील.' मी धरली. ती अर्धं मराठी अर्धं इंग्लिश बोलली, आणि वीस मिनिटं कोणी जागचं हललं नाही. पण ते पाच मार्क गेले ते गेलेच.

सॉरी मी रूमवर म्हटलंय. ती 'असू दे की' म्हणाली. पण रिव्ह्यूला मी जे बोलले ते चारचौघांत बोलले होते, तेव्हा हेही चारचौघांत सांगायला हवं. इंग्लिश विभागात लिहिलं असतं तर शाबासकी परत मलाच मिळाली असती. म्हणून इथे. तर मंडळी, वहीत ओळी तिने उतरवल्या, लसावि तिने काढला, सात आणि बारा तिने शोधले. मी फक्त प्रोग्रॅम लिहिला होता, आणि चूक त्यातच होती.

आता एक अडचण. मराठी विभागाची मुद्रितं यंदा तीच तपासते आहे. माझे ऱ्हस्व-दीर्घ ती सुधारेलच, त्याबद्दल आभार. पण ही शेवटची पानं ती 'कशाला उगाच' म्हणून खोडणार याची मला खात्री आहे. तेव्हा संपादकांना नम्र विनंती : शुद्धलेखन तिचं घ्या, मजकूर माझा ठेवा.

आणि फर्स्ट इयरवाल्यांनो, जर्नलमधला तो प्रयोग एकदा खरंच चालवून बघा. माझ्या जर्नलात अजूनही ७ लिहिलेलं आहे. उतरवू नका.